लस हवीच, पण सक्ती कोणावर?



शाळाप्रवेशाला मुलाचे लसीकरण कार्ड सक्तीचे करावे, असा सूर अधूनमधून निघतो. लस हवीच, याबद्दल आमचे दुमत नाही. काणीचे एक बेट उपटायचे राहिले तर शेजाऱ्याच्या फडालाही झळ लागते, हे आपणांस सांगायला नको. गोवराचेही तसेच. शंभरातील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले, तरच साथ अडते. प्रश्न आहे तो सक्ती कोणावर करायची, हा.

आपल्याकडच्या कित्येक घरांतली माणसे डिलाईल रोडच्या चाळींत दाटीने राहून गिरण्यांत राबली. त्या मुंबईचा अनुभव पाहा. देवीची लस सक्तीची करणारा कायदा तिथे १८७७ सालीच झाला. तरी देश देवीमुक्त जाहीर व्हायला १९७७ उजाडले, आणि ते साधले घरोघर फिरून रोगी हुडकणाऱ्या व आजूबाजूच्यांना टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळे. १८९६ च्या प्लेगात तर घरझडत्या सुरू होताच लोक आजारी माणूस लपवू लागले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराने मुले दगावली, त्यांतही डोस चुकलेली पुष्कळ होती.

आता आपल्या फडाकडे या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. ऊसतोड मजुराचे मूल ऐन तेव्हा कोपीवर असते आणि कार्ड गावाकडे पेटीत. पुढे त्याला शाळेच्या दारातून परत धाडले, तर लसही गेली अन् शाळाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मग कार्डापायी का नाकारावा?

आमचे म्हणणे असे : शाळेने कार्ड जरूर मागावे. डोस राहिला असेल तर मुलाला वर्गात बसवावे आणि आरोग्यसेविकेला कळवावे. टोळी उतरली की चिटबॉयने मुकादमाकडून लहान मुलांची यादी घेऊन उपकेंद्रात द्यावी. लस तिथे मोफत आहे. सक्ती करायचीच, तर ती आपल्यासारख्या मोठ्यांवर करा.

आणि सभासदांनी एवढे करावे : लसीच्या दिवशी फडातल्या आईला दोन तास मोकळे सोडावे. तेवढ्याने उसाचे वजन घटत नाही.