एक केबल, दोन डिस्क

परवा दिवाळीत जळगावहून धुळ्याला मामाकडे गेलो होतो. मामाचा फोटो स्टुडिओ आहे. भाचा इंजिनीअर म्हटल्यावर फराळाच्या ताटाआधी बिघडलेला पीसी पुढ्यात येणार, हे ओघानेच आलं!

एक्सपीवर चालणारं जुनं मशीन, आत दोन आयडीई हार्ड डिस्क. एक ८० जीबीची, दुसरी २५० ची. त्यावर २००६ ते २००९ या काळातल्या लग्नांचं शूटिंग. मामाला सगळा माल मोठ्या डिस्कवर एकत्र करायचा होता. पण मिनी डीव्हीच्या एका तासाच्या कॅसेटची साधारण १३ जीबीची फाइल कॉपी व्हायला तासभर लागत होता, आणि तेवढा वेळ माऊससुद्धा अडखळायचा.

"अरे, ही डिस्क चाललीय म्हणे," मामा म्हणाले. "एकाने बघितली. डेटा काढून द्यायचे दहा हजार सांगतो. काय करू?"

"मामा, थांबा. आधी उघडून तर बघू."

डिस्कची स्मार्ट माहिती पाहिली. खराब सेक्टर शून्य. पण सीआरसी चुकांचा आकडा बराच मोठा. म्हणजे डिस्क वाचत होती बरोबर, घोळ होत होता तो वाटेत, केबलमध्ये. एक्सपीची गंमत अशी की अशा सहा चुका जमल्या की ते वेग एक पायरी खाली आणतं. चुका चालूच राहिल्या तर उतरत उतरत थेट पीआयओ मोडवर येतं, जिथे प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो. आणि एकदा खाली आलं की आपणहून वर चढत नाही.

भंगाराच्या खोक्यात ८० तारांच्या दोन केबल सापडल्या. आधी खराब केबल बदलली. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल काढून मशीन रीस्टार्ट केलं. तीच १३ जीबीची फाइल दहा मिनिटांत गेली. मामा खूश. पण मला चैन पडेना, कारण दोन्ही डिस्क अजून एकाच केबलवर होत्या, मास्टर आणि स्लेव्ह. मग सीडी ड्राइव्ह काढून ठेवला, दुसरी डिस्क त्या मोकळ्या चॅनलवर वेगळ्या केबलने लावली, जंपर मास्टरवर सरकवला. आता सहा मिनिटं!

ही चार मिनिटं कुठून आली? माझाही आधी समज होता की दोन डिस्क म्हणजे १०० चा वेग ५० - ५० वाटून मिळतो. तसं नाही. त्या काळातल्या डिस्क मुळात सेकंदाला ५० एमबीच्या आसपास द्यायच्या, केबलची रुंदी भरपूर होती. अडचण पाळीची होती. आयडीईच्या एका केबलवर एका वेळी एकाच डिस्कचं काम चालतं. पहिलीचा हुकूम पुरा होईपर्यंत दुसरीला हुकूम देता येत नाही, मग पहिली नुसती हेड हलवत असली तरी. त्यामुळे वाचणं थांबलं की लिहिणं सुरू, लिहिणं थांबलं की वाचणं.

खानदेशातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सुरत-भुसावळ लाइन एकेरी होती तेव्हा गाडी किती वेगाने पळते याला अर्थ नव्हता. शिंदखेड्याला किंवा नरडाण्याला समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला उभं राहायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत जळगाव-उधना दुहेरीकरणाचं लोकार्पण धुळ्यात झालं. दुसरा रूळ पडला की त्याच इंजिनाला मोकळी वाट मिळते. २००३ च्या सुमारास आलेल्या साटाने हेच केलं : प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल.

आता माझं मत. केबल वाटून घेण्यात वाईट काही नाही. असेंबल करणाऱ्यानेही ते मूर्खपणाने केलं नव्हतं. आयडीई केबल जेमतेम ४६ सेंटीमीटर, सीडी ड्राइव्ह वर, डिस्क खाली, मग शेजारच्या दोन डिस्कना एक केबल हे ओघाने आलं. एका वेळी एकच डिस्क वापरायची असेल तर काही फरकही पडत नाही. पण ज्या दोघांना एकमेकांशी देवाणघेवाण करायची आहे, त्यांना एका केबलवर बसवू नये. एवढा एकच नियम.

आणि तो आजही लागू आहे. यूएसबी २ च्या एकाच हबला पेनड्राइव्ह आणि बॅकअप डिस्क लावा, तोच अनुभव येईल. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, आणि ते मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपण मात्र खोक्यावरचा वेग बघून नवी डिस्क आणतो आणि "स्लोच आहे यार" म्हणतो.

मामाचे दहा हजार वाचले. पण समजा त्यांनी "डिस्क गेली" ऐकून ती भंगारात दिली असती, तर धुळ्यातल्या कितीतरी घरांचं लग्न तिच्याबरोबर गेलं असतं. म्हणून म्हणतो, डिस्कला दोष देण्याआधी तिची वाट तपासा.

असो. आता मशीन नीट चालतंय, तर मामाला ते अजून दहा वर्षं वापरायचंय. त्यावर माझ्याकडे केबल नाही :)