गिअरचा लिव्हर ढिला झालाय? वेल्डिंग मारू नका



आज पिकावर नाही, मोटरसायकलवर लिहितोय. पण विषय शेतीचाच आहे. डेअरीला दुधाचे ४० लिटरचे कॅन, वस्तीवर युरियाची ४५ किलोची गोणी, फवारणीचा पंप, वैरणीचा भारा, सगळं तीच वाहते. ट्रॅक्टरला ग्रीस मारायला आपण विसरत नाही. गाडीचा गिअर लिव्हर मात्र लडबडायला लागला तरी "चालतंय की" म्हणून महिनोन् महिने ओढतो. मग एक दिवस गिअर पडेना झाला की थेट वेल्डिंगच्या दुकानात. "एक टाका मारून दे रे."

माझं स्पष्ट मत आहे, हा टाका मारायचा नाही.

इंजिनातून जो शाफ्ट बाहेर येतो त्यावर बारीक दाते असतात. लिव्हरच्या भोकातही तसेच दाते. भोकाला एका बाजूनं फाट असते, आडवा बोल्ट आवळला की फाट दबते आणि लिव्हर शाफ्टला घट्ट धरतो. एवढीच त्याची करामत. बोल्ट सैल पडला की पाय मारला रे मारला की दात्यावर दाता घासतो. लिव्हरचं लोखंड सहसा शाफ्टपेक्षा नरम, म्हणून आधी लिव्हर झिजतो. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण लिव्हर काहीशे रुपयांत येतो. पण तसंच दामटत राहिलं की शाफ्टचेही दाते जातात. तो बदलायचा तर बऱ्याच गाड्यांत ऑइल काढून क्लचच्या बाजूनं इंजिन उघडावं लागतं.

आता वेल्डिंगचं. शाफ्टच्या मुळाशी रबरी ऑइल सील असतं. टाक्याची आच तिथवर गेली की सील कडक होतं, आणि मग ऑइल झिरपायला लागतं. दुसरं, पुढं चेन स्पॉकेट बदलायचं आलं की बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूचं कव्हर काढायला आधी लिव्हर काढावा लागतो. टाका मारलेला लिव्हर निघणार कसा? ग्राइंडरनं कापूनच. म्हणजे तेव्हा लिव्हरही गेला आणि शाफ्टही गेला. वेल्डिंगवाला सांगेल, वर्षानुवर्षं हलणार नाही. नसेलही हलत. आमच्या शिवारात अशा दोन-तीन गाड्या फिरतायत. पण त्यांच्या खाली सकाळी ऑइलचा डाग बघितलाय मी.

मग करायचं काय? गाडी बंद करून लिव्हर हातानं हलवून बघा. शाफ्टच्या तोंडावर आणि लिव्हरवर मिळून चुन्याची एक रेघ ओढा, चार गिअर टाका. रेघ तुटून दोन्हीकडं सरकली तर लिव्हर दात्यांवर घसरतोय. रेघ जागेवर आहे पण शाफ्टच वरखाली डुगडुगतोय, तर खोट आतली आहे, ते काम मिस्त्रीचं.

दाते शाबूत असतील तर १० नंबरचा पाना पुरतो. बोल्ट नुसता ढिला करून लिव्हर ओढू नका, पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो, आणि मग हातोडी मारणारे मारत बसतात. दाते वायर ब्रश आणि डिझेलनं साफ करा. आपल्या गाडीवर चिखल-माती ठरलेलीच, दात्यात माती असली की लिव्हर पूर्ण बसतच नाही. कोरडं करून लिव्हर शेवटपर्यंत सरकवा, स्प्रिंग वॉशर घालून आवळा. पाइप लावून जोर काढू नका, ६ एमएमच्या बोल्टचे आटे लगेच जातात. आठवड्यानं एकदा परत आवळून बघा.

आवळल्यावर फाट पूर्ण मिटली आणि लिव्हर तरी हलतोय, तर लिव्हर झिजला. काही जण फाट कानशीनं वाढवतात, काही जण पत्र्याची पातळ पट्टी दात्यात घालतात. रानातून घरी यायला ठीक आहे. त्यावर हंगाम काढायचा विचार करू नका.

मी हे एवढं का लावून धरलंय, तर आमच्या भागातल्या उतारामुळं. दुधाचे कॅन लादून उतरताना गाडी खालच्या गिअरवर पाहिजे. टाच मारली आणि लिव्हर नुसताच फिरला, तर गाडी वरच्याच गिअरमध्ये राहते. मग सगळा भार ब्रेकवर, तेही पावसाळ्यात, खडीवर. दूध घालायला जाणारी बरीचशी पोरं विशीतली आहेत. गाडी बापाची, लिव्हर ढिला आहे हे बापाला माहीत, पोराच्या पायाला सवय नाही.

नवीन लिव्हर घ्यायला जाताना जुना काढून बरोबर न्या. दात्यांची संख्या आणि भोकाचं माप गाडीगणिक वेगळं असतं, दुकानदार मॉडेल ऐकून भलताच देतो. शाफ्टवर हातानं सरकवल्यावर बोल्ट न आवळताच तो खळखळला, तर तिथल्या तिथं परत करा.