कपाटाला लाकूड कोणते?

सुगी संपली की गंगापूर-कायगावच्या गंगथडीत लग्नाची बोलणी सुरू होतात आणि पाठोपाठ कपाट-पलंगाचा विषय निघतो. "सागवानीच करा," असे घरातली वडीलधारी मंडळी सांगून मोकळी होतात. त्यापायी कोणी कापसाचा सगळा पैसा घालतो, कोणी गोऱ्हा विकतो. बंधूंनो, गोऱ्हा बाजारात नेण्याआधी आपला बांध एकदा पाहून या.

साग उत्तम, यात वाद नाही. त्याच्या गाभ्यात तेल असते, म्हणून वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळ्यात दारे फुगून अडत नाहीत. पण हा गुण गाभ्याचा, सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाचा नव्हे. माझ्या बहिणीच्या लग्नात आम्ही तयार 'सागवानी' कपाट घेतले. पॉलिश असे की तोंड दिसावे! दुसऱ्याच वर्षी तिच्या शालूवर पिठासारखा भुसा पडू लागला. मागची फळी खरवडली, तर निम्मी पांढरी. तेव्हापासून मी पॉलिश केलेली वस्तू घेतच नाही. कोरी फळी उन्हात धरून पाहतो.

वखारीत माप घनफुटाचे असते. एक फूट रुंद, एक इंच जाड आणि १२ फूट लांब फळी म्हणजे एक घनफूट. टेपचे एक टोक आपल्या हातात ठेवा.

आता बांधावरचे. कडुनिंबाच्या लाकडाला कीड सहजी लागत नाही, म्हणून कपड्यांच्या कपाटाला तो चांगला. रेषा उलटसुलट असल्याने सुतार रंधा मारताना कुरकुर करील, त्याला करू द्या. बाभूळ औताला, गाडीला चालते तशी पलंगाच्या पायांनाही चालते, पण कपाटाच्या दारांना जड होते. तिचा पांढरा भाग किडे पोखरतात; म्हणूनच जुनी माणसे ओंडके पाण्यात बुडवून ठेवीत. आंबा स्वस्त खरा, पण लवकर किडतो.

कोणतेही लाकूड ओले वापरू नका. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा हिशेब. म्हणजे पुढच्या वैशाखातल्या लग्नाचे लाकूड या वैशाखातच कापून हवे.

आणि करवत लावण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारून या. साग, आंबा, चिंच ही झाडे आपल्या शेतातली असली, तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते.

बहिणीच्या कपाटाची मागची बाजू आम्ही शेवटी घरच्या वाळलेल्या निंबाच्या फळ्यांनी बदलली. शालूवर पुन्हा भुसा पडला नाही.