वय वर्षं ऐंशी, भूमिका राजाची

आपल्याकडे नटीचं वय वाढलं की ती आधी वहिनी होते, मग आई, मग भिंतीवरचा हार घातलेला फोटो. नट मात्र पन्नाशी उलटली तरी नायकच! म्हणून मैत्रिणींनो, आज ग्लेंडा जॅक्सन या इंग्लिश अभिनेत्रीबद्दल लिहावंसं वाटतंय.

१९३६ साली गवंड्याच्या घरात जन्मलेली ही मुलगी शाळा सुटल्यावर दोन वर्षं औषधांच्या दुकानात राबली. मग लंडनच्या नाट्य अकादमीत शिकली. पुढे ‘विमेन इन लव्ह’ आणि ‘अ टच ऑफ क्लास’ या चित्रपटांसाठी दोन ऑस्कर. पहिला गंभीर, दुसरा चक्क विनोदी. १९७१ च्या ‘एलिझाबेथ आर’ मालिकेत तिनं राणीचं तरुणपण ते म्हातारपण उभं केलं. त्यासाठी कपाळावरचे केस भादरून घेतले. सुंदरच दिसायचं असा हट्ट धरला असता तर ती राणी उभी राहिलीच नसती.

आणि १९९२ मध्ये, भर यशात, बाईंनी अभिनय सोडला. मजूर पक्षातर्फे निवडून येऊन २३ वर्षं खासदार राहिल्या, मध्ये दोन वर्षं वाहतूक खात्याच्या कनिष्ठ मंत्रीही. २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर गेल्या तेव्हा संसदेत त्यांच्या धोरणांवर अशी काही बरसल्या की विचारू नका. गेलेल्या माणसाबद्दल तेव्हाच बोलावं का, हे मला पटत नाही. पण धाडस म्हणावं ते हेच.

आमच्या बचत गटातल्या बायका पंचेचाळिशीतच म्हणतात, ‘आता आमचं काय राहिलंय?’ या बाई खासदारकी सोडून २०१६ मध्ये रंगमंचावर परतल्या, त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. भूमिका कुणाची? राजा लिअरची! २०१८ मध्ये ‘थ्री टॉल विमेन’ नाटकासाठी टोनी पुरस्कार, २०१९ मध्ये ‘एलिझाबेथ इज मिसिंग’मध्ये स्मृती हरवत चाललेली आजी. जून २०२३ मध्ये त्या गेल्या. मायकेल केनबरोबरचा शेवटचा चित्रपट त्यानंतर पडद्यावर आला.

आपल्या ‘नटसम्राट’वर लिअरची सावली आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. बालगंधर्वांचं शालू नेसणं आपण डोक्यावर घेतलं. मग एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीनं अप्पासाहेब बेलवलकर का करू नयेत? असा प्रयोग आमच्या गावात आलाच, तर तिकिटाच्या रांगेत मी पहिली.