'स्लॅप'ची थाप आणि खिशाचे गणित

बोईसर-तारापूर पट्ट्यातील एखाद्या तरुणाने बेस गिटार घ्यायची ठरविली, की त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न सुरांचा नसून पैशांचा असतो आणि दुसरा अंतराचा. मध्यम प्रतीच्या बेस गिटारची किंमत औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराच्या दीड-दोन महिन्यांच्या कमाईइतकी भरते. वाद्य हातात घेऊन, चार-पाच नमुने ताडून पाहायचे तर मुंबई गाठावी लागते. चर्चगेटपासून बोईसर सुमारे १०० किलोमीटर. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने हा प्रवास सोपा झाला असला, तरी सुट्टीचा एक दिवस त्यात जातोच. मग संगणकावर वा मोबाइलवर चित्र पाहून, सर्वांत कमी किंमत शोधून वाद्य मागविले जाते आणि फसगतीची सुरुवात बहुधा येथेच होते.

त्यातही 'स्लॅप' या वादनपद्धतीची ओढ असेल, तर निवड अधिकच काटेकोर व्हावी लागते. साध्या बोटांच्या वादनात स्वस्त वाद्याचे दोष काही काळ झाकले जातात. स्लॅपमध्ये मात्र ते पहिल्या थापेसरशी उघडे पडतात.

ढोलाविना ठेका

बेस गिटारला आजचे रूप अमेरिकेतील लिओ फेंडर यांच्या कारखान्यात मिळाले. १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' आणि १९६० मध्ये 'जॅझ बेस' बाजारात आली. स्लॅप पद्धतीचे श्रेय मुख्यतः लॅरी ग्रॅहॅम या वादकाकडे जाते. आईसोबत कार्यक्रम करताना साथीला ड्रमवादक उरला नाही, तेव्हा त्याने जाड तारेवर अंगठा आपटून मोठ्या ढोलाचा आणि बारीक तार बोटाने खेचून सोडून लहान ढोलाचा आभास निर्माण केला. पुढे 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या वाद्यवृंदातून ही पद्धत साऱ्या जगाला ठाऊक झाली. लुई जॉन्सन आणि मार्कस मिलर यांनी ती आणखी पुढे नेली. आपल्याकडे मुंबईच्या मोहिनी डे हिने याच वाद्यावर जागतिक कीर्ती मिळविली आहे.

म्हणजेच ही पद्धत अडचणीतून जन्मली. माणसे कमी आणि ठेका मात्र भरीव हवा, ही गरज पालघरच्या वादकांनाही अपरिचित नाही. किनारपट्टीच्या गावांत हळदीच्या मांडवात बॅन्जो पार्टी वाजते. त्यातला 'बॅन्जो' म्हणजे वस्तुतः विजेवर चालणारा बुलबुलतरंग. खर्जाची बाजू बहुतेक वेळा कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताकडे असते. डीजेच्या भिंतींनी अशा पथकांचा बराचसा व्यवसाय हिरावून घेतला. दुसरीकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला निकाल, यांमुळे ध्वनिक्षेपकांवर मर्यादा आली. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरील बंदी उठविण्यास नकार दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. अर्थात ती जिवंत वाद्यवृंदालाही लागू होते. तरीही आवाजाच्या भिंतीपेक्षा माणसांनी वाजविलेल्या ठेक्याला वाव मिळावा, अशी ही परिस्थिती आहे. त्या वावाचा लाभ घ्यायचा, तर वादकाच्या हातातील वाद्य किमान विश्वासार्ह हवे.

दोष कोठे उघडा पडतो?

स्लॅपमध्ये अंगठा तारेवर आपटतो, तो मानेच्या शेवटच्या पडद्यांजवळ. तार पडद्यांवर आदळते आणि धातूचा खणखणीत आवाज उमटतो. तार पडद्यांपासून फार उंच असेल, तर अंगठा थकतो आणि आवाज मात्र मरगळलेला येतो. फार खाली असेल, तर प्रत्येक सुरामागे खरखर लागते. बाराव्या पडद्यावर तारेची उंची सर्वसाधारणपणे दोन मिलिमीटरच्या आसपास असावी, असे मानले जाते. त्यासाठी पडदे एका पातळीत, मान जवळजवळ सरळ आणि मानेतील लोखंडी सळई फिरविता येण्याजोगी असावी लागते. स्वस्त वाद्यांत नेमके येथेच हात आखडता घेतलेला असतो. बाहेरून चकचकीत रंग दिसतो, पण पडद्यांची टोके बोटांना बोचतात आणि एखादा पडदा शेजारच्यापेक्षा वर उचललेला असतो.

दुसरा मुद्दा पिकअपचा. तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा हा चुंबकीय भाग. मानेजवळ आणि घोडीजवळ असे दोन पिकअप असले, की दोन्ही पूर्ण खुले ठेवून स्लॅपला हवा तो आवाज मिळतो. खर्ज भरीव, वरचा भाग लख्ख आणि मधला किंचित दबलेला. जॅझ बेसच्या धाटणीत दोन्ही पिकअप एकेरी गुंडाळीचे असतात. त्यातला एकच वाजविल्यास विजेची गुणगुण ऐकू येते. दोन्ही सारख्या प्रमाणात खुले ठेवल्यास, आधुनिक वाद्यांच्या रचनेमुळे ती बव्हंशी नाहीशी होते. मांडवातील वीजजोडणीला धड अर्थिंग नसते आणि शेजारी जनरेटर धडधडत असतो, अशा ठिकाणी या गुणाची किंमत कळते.

तिसरा मुद्दा 'अ‍ॅक्टिव्ह' आणि 'पॅसिव्ह' हा. अ‍ॅक्टिव्ह वाद्यात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे मंडल असते आणि त्यामुळे खर्ज व तीव्र भाग वाद्यावरच वाढविता येतो. स्लॅपसाठी ते सोयीचे खरे, पण अनिवार्य नाही. ग्रॅहॅमने ही पद्धत घडविली, तेव्हा असे मंडल बेस गिटारमध्ये सर्रास नव्हतेच. शिवाय ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली, तर आवाज फाटतो किंवा बंदच पडतो. वायर खोबणीत राहिली, तरी बहुतेक वाद्यांत बॅटरी झिजत राहते, हे नवख्याला कोणी सांगत नाही.

कोणत्या टप्प्यात काय?

बाजारात ढोबळमानाने तीन टप्पे दिसतात. दहा हजारांच्या आसपासची वाद्ये शिकण्याच्या पहिल्या काही महिन्यांना पुरतात. परंतु त्यातील दोन सारख्याच नगांत मोठा फरक आढळू शकतो. त्यामुळे ती न पाहता मागविणे धोक्याचे.

साधारण वीस ते तीस-पस्तीस हजारांचा टप्पा स्लॅपसाठी सर्वाधिक विचारात घेण्याजोगा आहे. यामाहाची टीआरबीएक्स १७४ ही बॅटरीविना चालणारी, २४ पडद्यांची आणि दोन वेगळ्या धाटणीचे पिकअप असलेली. आयबानेझची जीएसआर २०० मान सडपातळ आणि खर्ज वाढविण्यासाठी बॅटरीवर चालणारी एक सोय असलेली. स्क्वायरची अफिनिटी जॅझ बेस दोन एकेरी पिकअपची, म्हणून स्लॅपच्या परिचित आवाजाला सर्वांत जवळची. तिची मान खुंट्यांच्या बाजूला अरुंद असल्याने लहान हातांनाही ती सोयीची पडते. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. त्यामुळे दोन-तीन हजारांच्या फरकापेक्षा हातातील नग कसा आहे, याला अधिक महत्त्व द्यावे.

त्याच्या वरच्या टप्प्यात यामाहाची टीआरबीएक्स ३०४ आणि मार्कस मिलरच्या नावाने २०१५ पासून येणाऱ्या सायर कंपनीच्या गिटारी येतात. यामाहाच्या या नमुन्यात पाच तयार ध्वनिरचनांची कळ असून त्यातली एक खास स्लॅपसाठी आहे. सोय उत्तम. मात्र जो वादक अजून अंगठा नीट ताब्यात आणू पाहतो आहे, त्याने या कळीसाठी कर्ज काढावे, असे काही नाही. पाच तारांच्या मोहाबाबतही हेच म्हणता येईल. तारांमधील अंतर बहुधा कमी होते आणि खेचणाऱ्या बोटाला जागा उरत नाही. स्लॅप शिकायचे तर चार तारा पुरेशा.

तीस हजारांची वाटणी

सर्वांत मोठी चूक ही, की सारी रक्कम गिटारवरच खर्च होते. तीस हजार रुपये हाती असतील, तर वीस-एकवीस हजार वाद्यासाठी, हजार-दीड हजार कारागिराकडून ते जुळवून घेण्यासाठी, दीड-दोन हजार नव्या तारांसाठी, तेवढेच चांगली वायर, पट्टा व पिशवी यांसाठी आणि उरलेले चार-पाच हजार कानात ऐकण्याच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायर व हेडफोनसाठी, अशी वाटणी शहाणपणाची ठरेल. चाळीत वा कामगार वसाहतीच्या दोन खोल्यांत रात्रपाळीहून आलेला शेजारी झोपलेला असताना हेडफोनविना रियाज शक्यच नसतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा विचार पहिली सुपारी मिळेपर्यंत लांबणीवर टाकता येतो.

यामागे ध्वनीचे साधे शास्त्रही आहे. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. मोबाइलच्या वा लहान पेटीच्या स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही. येतो तो वरचा खणखणाट. नवखा वादक मग खर्ज ऐकू यावा म्हणून अंगठा जोरजोरात आपटतो, मनगट दुखावून घेतो आणि दोष आपल्या हातात आहे, असे समजतो. वास्तविक दोष ऐकण्याच्या साधनात असतो.

तारांबाबत किनाऱ्यावरील हवा विशेष त्रासदायक. खारट दमट वाऱ्याने पोलादी तारा गंजतात आणि स्लॅपची चमक आठवड्यांत नाहीशी होते. प्रत्येक रियाजानंतर कोरड्या फडक्याने तारा पुसणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. जुन्या तारा उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ करण्याची युक्तीही वादकांत प्रचलित आहे. तिने गेलेली चमक काही दिवसांपुरती परत येते. पावसाळ्यात लाकूड फुगून मान हलते. म्हणून मे महिन्यात उत्तम जुळविलेले वाद्य ऑगस्टमध्ये खरखरू लागले, तर ते बिघडले असे समजू नये.

जुने वाद्य घेणे हाही चांगला पर्याय आहे. अट एवढीच, की प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून, वाजवून पाहावी. मान खुंट्यांकडून घोडीकडे एका डोळ्याने न्याहाळावी. पीळ दिसल्यास तेथूनच परतावे. बटणे फिरविताना येणारी करकर किरकोळ खर्चात जाते, मानेतला पीळ जात नाही.

तारप्याला दुरुस्ती गावातच

या साऱ्या प्रश्नाला एक सार्वजनिक बाजूही आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्याचे स्वतःचे वाद्य तारपा. वाळलेला भोपळा, बांबू, मेण आणि ताडाचे पान यांतून तो घडतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्री यादीत आले. तारप्यात बिघाड झाला, तर तो दुरुस्त करणारे हात त्याच परिसरात असतात, अनेकदा वादकाचेच असतात. गिटारच्या वाट्याला हे भाग्य नाही. वाद्य घरपोच येते, ते जुळविणारा कारागीर मात्र मुंबईत राहतो. धोबी तलावला १८६५ पासून नाव असलेल्या फुर्ताडोजसारख्या पेढीपर्यंत गिटार खांद्यावर टाकून नेणे, हे दर मोसमाला परवडणारे नाही.

करांचे गणितही असेच दुहेरी आहे. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा हाताने बनविलेल्या देशी वाद्यांना तो माफ करण्यात आला. ते योग्यच होते. इतर वाद्यांवर मात्र २८ टक्के कर लागला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. १८ टक्क्यांच्या हिशेबाने २५ हजारांच्या गिटारमधील सुमारे ३,८०० रुपये हे कराचे. तेवढ्यात वाद्याची जुळवणी आणि नव्या तारांचा संच सहज निघतो. आयात शुल्काचा भार आणखी वेगळा. हौशी श्रीमंताच्या खेळण्यावर आणि मांडवात वाजवून पोट भरू पाहणाऱ्याच्या अवजारावर एकच कर असावा काय, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू नाही.

करांचा निर्णय दिल्लीत होईल तेव्हा होईल. त्याआधी स्थानिक पातळीवर करण्यासारखे बरेच आहे. महाविद्यालयांनी आणि उत्सव मंडळांनी एखादी चांगली जुळविलेली बेस गिटार सामाईक ठेवली, तर खरेदीपूर्वी सहा महिने हात बसवून पाहता येईल. औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंगवर बारीक काम करणारे हात शेकड्यांनी आहेत. पडदे घासून एका पातळीत आणणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही, ते शिकविणारा मात्र कोणी हवा. पहिला कारागीर बोईसरमध्येच उभा राहिला, तर दहा हजारांचे वाद्यही बऱ्यापैकी बोलू लागेल.

तोवर खरेदीदाराने एवढेच पाळावे, की सर्वांत स्वस्त वाद्य आणि परवडणारे वाद्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे वाद्य वर्षभरात कपाटावर धूळ खात पडते, ते नऊ हजारांचे असले तरी महागच. जे पाच वर्षे मांडवात वाजते, ते पंचवीस हजारांचे असूनही स्वस्त ठरते. बोईसरहून एक दिवसाची रजा काढून, सकाळची गाडी पकडून वाद्य हाताने वाजवून पाहण्याचा खर्च हा या हिशेबातील सर्वांत फायद्याचा खर्च आहे.