डावा अंगठा आणि परवलीचा शब्द

महसूल खात्याच्या कारकुनींत ज्यांची हयात गेली, त्यांस जुन्या दस्तऐवजांतील एक खूण चांगली ओळखीची असते. लिहितां न येणाऱ्या कुणब्याच्या नांवापुढें पूर्वीं नांगराची आकृति काढीत, व तीच त्याची सही समजली जाई. पुढें नांगर गेला व 'निशाणी डावा अंगठा' आली. आम्हीं नोकरींत असे हजारों अंगठे पाहिले. त्या काळ्या ठशावर शेत राहतें किंवा जातें हें ज्यास उमगलेलें असे, तो शेतकरी कागद दोनदां वाचवून घेई. ज्यास उमगलेलें नसे, तो हात पुढें करून मोकळा होई. आज त्या अंगठ्याची जागा मोबाईलमधील चार-सहा आंकड्यांनीं घेतली आहे. त्यांस कोणी पिन म्हणतात, कोणी ओटीपी, कोणी पासवर्ड. आपल्या भाषेंत ह्यास 'परवलीचा शब्द' असें जुनें व नेमकें नांव आहे. ह्या परवलीची जी राखण व्हावयास पाहिजे ती आपल्या शेतकरी वर्गांत होत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें सकारण मांडावें एवढ्यासाठींच हा लेख आहे.

न वाचतां दिलेल्या निशाणीनें काय होतें हें महाराष्ट्रानें पूर्वीं पाहिलें आहे. 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, व ती लाट पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकून घ्यावयाचे व जाळावयाचे. रोख्यांवर निशाणी त्यांचीच होती, परंतु आंत काय लिहिलें आहे हें पुष्कळांस ठाऊक नव्हतें. पुढें 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें करून दिलेला रोखा गांवच्या निबंधकासमोर, त्यास वाचून दाखवून मगच पुरा व्हावा, अशी त्यांत तरतूद होती. आमचा चाकूरचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो कायदा इकडे नव्हता. पण विश्वासानें अंगठा देण्याची संवय इकडेही तीच होती. आज ती संवय मोबाईलमध्यें शिरली आहे, आणि मोबाईलमध्यें वाचून दाखविणारा कोणी निबंधक बसलेला नाहीं.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतों. दिवाळीनंतर त्यानें पस्तीस क्विंटल सोयाबीन घातलें. पट्टीची रक्कम बँकेंत जमा झाली. तींतून हरभऱ्याचें बियाणें घ्यावयाचें व उरलेल्या पैशांतून सोसायटीचें पीककर्ज मार्चअखेर भरून टाकावयाचें, असा त्याचा हिशेब होता. एके दिवशीं भावबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच्या पुतण्याच्या नंबरावरून 'पीएम किसान' ह्या नांवाची एक फाईल आली. हप्ता अडकूं नये म्हणून ती उघडा, असें बरोबर लिहिलेलें होतें. पुतण्याचाच नंबर, संशय कशाला घ्यावा? त्यानें ती उघडली, व ती जें जें विचारील त्यास 'होय' म्हणत गेला. त्याच रात्रीं तीन खेपांत खातें रिकामें झालें. पुतण्यास ह्यांतलें कांहींच माहीत नव्हतें. त्याचा मोबाईल आदल्या दिवशींच चोराच्या ताब्यांत गेला होता. आमच्या ओळखीच्या त्या गृहस्थानें लाजेनें चार दिवस कोणास सांगितलें नाहीं. मार्च आला, कर्ज थकलें, व्याजाची सवलत गेली. मोबाईलची चूक अशी शेतापर्यंत येऊन पोंचते.

ह्यांतील युक्ति समजून घेण्यासारखी आहे. ज्या फाईलच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात, ती पत्र किंवा यादी नसून मोबाईलमध्यें बसविण्याचें ॲप असतें. बसतांना तें मोबाईलवर येणारे संदेश वाचण्याची परवानगी मागतें. ती मिळाली कीं बँकेचा ओटीपी आपल्या डोळ्यांआधीं चोराच्या हातीं पडतो. म्हणजे ज्यास आपण कधींही ओटीपी सांगितला नसता, त्यास तो आपणच दिलेल्या परवानगीनें पोंचतो. पीएम किसान योजना 2019 पासून चालू आहे. तिचा वर्षाचा सहा हजारांचा लाभ दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं थेट खात्यांत येतो. त्यासाठीं व्हॉट्सॲपवर आलेली कोणतीही फाईल उघडावी लागत नाहीं.

येथें एका गैरसमजाविषयीं लिहिणें अवश्य आहे, कारण सर्व फसवणुकीचें मूळ आमच्या मतें त्यांतच आहे. फोन करणारा आपलें पूर्ण नांव, गांव, गट नंबर, क्षेत्र, कोणत्या सोसायटीचा बोजा आहे हें सर्व धडाधड सांगतो. ऐकणाऱ्यास वाटतें, एवढें ज्यास ठाऊक तो सरकारी माणूसच असला पाहिजे. वाचकहो, सातबारा हा गुप्त कागद नाहीं, व तो तसा असूंही नये. जमिनीची मालकी चारचौघांस पाहतां यावी ह्यासाठींच ती नोंदवही असते; आज ती महाभूलेखवर कोणीही पाहूं शकतो. नांव, क्षेत्र, खातेक्रमांक व इतर अधिकारांतील बोजा त्यांत उघडा असतो. तेव्हां जो आपला गट नंबर सांगतो त्यानें सातबारा पाहिला आहे, एवढेंच सिद्ध होतें. माहिती उघडी, परवली मात्र झांकलेली, हा भेद ज्याच्या मनांत पक्का ठसला, त्यास फसविणें पुष्कळ कठीण जाईल. खऱ्या अधिकाऱ्यास किंवा बँकेस आपली परवली विचारण्याचें कारण कधींच पडत नाहीं.

ह्या बाबतींत दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आमची स्वतःची चूक सांगणें रास्त आहे. कचेरींत संगणक आले तेव्हां आम्हांस मिळालेल्या परवलीच्या शब्दाच्या जागीं आम्हीं आपलें जन्मसाल घातलें, आणि तेंही विसरूं नये म्हणून चिठोऱ्यावर लिहून मेजाच्या कांचेखालीं ठेविलें. टंकलेखनास मदत करणाऱ्या एका मुलानें एके सायंकाळीं आमच्या नांवानें एक फेरफार तयार केला. मंजुरीआधीं तो वरिष्ठांच्या नजरेस आला, म्हणूनच एका विधवेचें नांव तिच्या सातबारावरून उतरलें नाहीं. नोंद आमच्या नांवची होती. 'मीं केली नाहीं' असें म्हणण्यास आम्हांस तोंड नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. परवली सांभाळणें हें केवळ आपल्या पैशाचें काम नसून आपल्या भरंवशावर जे विसंबून असतात त्यांचेंही आहे, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

आतां अंगठ्याविषयीं. 2018 सालीं शेजारच्या तेलंगणांत, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्याचें व त्यांवर हजारों सिमकार्डें चालू केल्याचें पोलिसांनीं उघडकीस आणलें. आधार क्रमांक, बँकेचें नांव व बोटाचा ठसा एवढ्यावर गांवोगांवच्या केंद्रांत पैसे निघतात. ह्या सोयीचाही पुढें अशाच नकली ठशांनीं दुरुपयोग झाला. पिन बदलतां येतो, अंगठा बदलतां येत नाहीं. ह्यावर आधार प्राधिकरणानें ठसे कुलुपबंद करण्याची सोय ठेविली आहे. ती त्याच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मिळते, व चौकशी 1947 ह्या क्रमांकावर करतां येते. मात्र कुलूप असेपर्यंत रेशन दुकानांतही अंगठा चालत नाहीं. लागेल तेव्हां तें थोडा वेळ उघडावें लागतें. ज्यांस अंगठ्यावर वरचेवर काम पडत नाहीं, त्यांनीं तें अवश्य लावावें.

कोणी म्हणतील, हें अडाण्यांचें दुखणें आहे. तसें मुळींच नाहीं. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर 11 व 13 ऑगस्ट 2018 रोजीं संगणकांतून दरोडा पडला. नकली कार्डांनीं 28 देशांतून पैसे निघाले व सुमारें 94 कोटी रुपये गेले. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून फोनवरच अटकेचा धाक घालून लुबाडलेल्या लोकांत शिकलेले पुष्कळ आहेत. कायद्यांत अशी अटकच नाहीं, हें 27 ऑक्टोबर 2024 रोजीं पंतप्रधानांस रेडिओवरून सांगावें लागलें. तेव्हां फसलेल्यास हंसणें हा आपल्या गांवांतील मोठा दोष आहे. त्या हंसण्याच्या भयानेंच माणूस गप्प बसतो, आणि चोरास हवा असतो तो अवधि नेमका तेवढ्यांत मिळतो.

गेलेला पैसा पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं अडविणें शक्य असतें. पण त्यास तासांचा हिशेब लागतो. म्हणून फसवणूक कळतांच प्रथम 1930 ह्या क्रमांकावर फोन करावा, मग बँकेंत जावें, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेनें 2017 सालीं घालून दिलेल्या नियमांचें तत्त्व असें कीं, चूक ग्राहकाची नसेल व त्यानें तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें, तर नुकसान त्याच्यावर पडूं नये; परंतु परवली त्यानेंच दिली असेल, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचेंच. चार दिवसांची लाज किती महाग पडते, हें ह्यावरून दिसेल.

रोजच्या संवयी फार थोड्या पुरतात. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं, तो फक्त देण्यास लागतो. परवलींत जन्मसाल, गाडीचा किंवा गटाचा नंबर घालूं नये. शब्द चालत असेल तेथें एकमेकांशीं संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडावे, व बँकेची परवली दुसरीकडे वापरूं नये. लक्षांत राहत नसेल तर वहींत लिहून ती पेटींत ठेवावी. मोबाईलच्या कव्हरांत ठेवूं नये. पट्टीचा सगळा पैसा मोबाईलला जोडलेल्या खात्यांत न ठेवतां, घरखर्चापुरताच तेथें ठेवावा. आधारच्या नकलेवर ती कोणत्या कामासाठीं व कोणत्या तारखेस दिली तें आडवें लिहावें.

'आम्हांस वाचतां येत नाहीं, मग कोणावर तरी विसंबावें लागणारच,' असें वृद्ध मंडळी म्हणतात, व त्यांचें म्हणणें खरें आहे. त्यांनीं घरांतील एकच माणूस नेमावा व मोबाईल आपल्यासमोरच त्याच्या हातीं द्यावा. दुकानदार, दलाल किंवा केंद्रावरील मुलगा ह्यांस पिन सांगण्याची पाळी आलीच, तर त्याच दिवशीं तो बदलून घ्यावा. परंतु सारा भार शेतकऱ्यावर टाकणें न्यायाचें नाहीं. गटविकास, कृषि व महसूल कचेऱ्यांनीं आणि सोसायट्यांनीं व्हॉट्सॲपवर फाईली व दुवे पाठविण्याचें बंद करावें. तेच तसें पाठवूं लागले, तर खरें कोणतें व खोटें कोणतें हें शेतकऱ्यानें कशावरून ओळखावें? ई-पीक पाहणी व शेतकरी ओळख क्रमांक ह्यांच्या कामासाठीं गांवांत ठरल्या दिवशीं माणूस बसावा. आपल्या संघानेंही प्रत्येक सभेंत पांच मिनिटें ह्या विषयास द्यावीं, आणि ज्याची फसवणूक झाली असेल त्यास बोलावयास लावावें.

वर सांगितलेल्या त्या शेतकऱ्यानें परवां आमच्यासमोर आपली हकीकत प्रथमच चार माणसांत सांगितली. कोणी हंसलें नाहीं. ऐकणाऱ्यांपैकीं दोघांनीं आपापले मोबाईल काढले. त्यांतही तीच फाईल आलेली होती. त्यांनीं ती उघडलेली नव्हती.