चेंबूरची राखण कोणाची?

चेंबूरच्या एखाद्या सोसायटीत घरफोडी झाली, किंवा डायमंड गार्डनच्या बाजूस सकाळी फिरावयास निघालेल्या वृद्धेच्या गळ्यातील साखळी कोणी हिसकावली, की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. सोसायटीची तातडीची सभा भरते. फाटक उंच करावे, आणखी दोन कॅमेरे बसवावेत आणि रखवालदार बदलावा, असे ठराव एकमताने संमत होतात आणि सभासद घरी जाऊन आतून कडी लावून घेतात. या ठरावांत गैर काही नाही. परंतु ते सारे फाटकाच्या आतले आहेत. चोर फाटकाबाहेरच्या रस्त्याने येतो आणि त्याच रस्त्याने पसार होतो. त्या रस्त्याची राखण कोणाची, हा प्रश्न मात्र कोणत्याही सोसायटीच्या विषयपत्रिकेवर आढळत नाही.

हा प्रश्न सोडून दिल्याची किंमत चेंबूरने एकदा मोजलेली आहे. टिळकनगर ही गृहनिर्माण मंडळाने वसवलेली साध्यासुध्या नोकरदारांची वसाहत. तेथे वाढलेला राजेंद्र निकाळजे सहकार चित्रपटगृहाबाहेर तिकिटांचा काळाबाजार करता करता राजन नायर ऊर्फ बडा राजन याच्या टोळीत शिरला. १९८३ साली बडा राजनचा न्यायालयाच्या आवारात खून झाल्यानंतर त्याने टोळीची गादी चालवली आणि छोटा राजन या नावाने तो पुढे देशाबाहेर जाऊन बसला. २०१५ साली त्याला इंडोनेशियातून भारतात आणण्यात आले आणि पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या २०११ मधील खुनाबद्दल २०१८ साली त्याला जन्मठेप झाली. या कथेतील गोळीबार चित्रपटांनी पुष्कळ रंगवले. आपल्याला विचार करावयाचा तो तिच्या पहिल्या, रुक्ष प्रकरणाचा.

तिकिटांचा काळाबाजार हा काही मध्यरात्री चालणारा धंदा नव्हे. तो भर दुपारी, चौकात, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालत असे. हवालदार तो पाहत होता आणि रांगेत उभे राहण्याचा कंटाळा आलेले प्रतिष्ठित गृहस्थ खिशातून जादा पैसे काढून देत होते. पुढे हीच मुले ‘उपयोगी’ ठरू लागली. खोली रिकामी न करणारा भाडेकरू, बुडालेली उधारी, भावाभावांतील जागेचा तंटा, अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे म्हणजे दहा-पंधरा वर्षांची निश्चिती. दादाच्या अड्ड्यावर निकाल आठवड्यात लागे. तो न्याय नव्हता. पण तो वेळेवर मिळे, आणि मिळेल त्या निकालावर समाधान मानण्याची सवय लोकांना हळूहळू लागली. दादाच्या आश्रयाने होणाऱ्या उत्सवातील देखावे पाहण्यासाठी सहकुटुंब रांगा लागल्या, त्यातही कोणास काही वावगे वाटेनासे झाले. टोळ्या गरिबीतून जन्माला येतात, असे आपण सोयीस्करपणे म्हणतो. दारिद्र्य आणि बेकारी यांनी टोळ्यांना माणसे पुरवली हे खरेच; परंतु त्यांना प्रतिष्ठा पुरवली ती मात्र खाऊनपिऊन सुखी असलेल्या वर्गाने.

पूर्वी गावगाड्यात राखणीची जबाबदारी कशी वाटलेली होती, ते येथे आठवण्याजोगे आहे. पेशवाईअखेरच्या मुलुखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेची माहिती मिळते. गावात चोरी झाली तर जागल्याने वा रामोश्याने चोराचा माग काढावयाचा आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवावयाचा. तेथून जबाबदारी त्या गावाची. ज्या गावाला माग पुढे काढून देता येणार नाही, त्याने भरपाई करावयाची. ही पद्धत आज आणावी असे सुचवण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. तिच्यात जातीची उतरंड होती आणि जुलूमही होता. पण आपल्या शिवेबाहेर गेलेला माग हाही आपल्याच काळजीचा विषय आहे, एवढी जाण तिच्यात होती. आज एका सोसायटीतील चोरीची बातमी शेजारच्या सोसायटीला कळू नये, अशीच आपली धडपड असते. जागांचे भाव उतरतील ना!

जागल्याची जागा आता रखवालदाराने घेतली आहे. त्याच्यासाठी कायदे नाहीत असे नाही. सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन करणारा राज्याचा कायदा १९८१ चा आहे. खासगी सुरक्षा संस्थांविषयीचा केंद्राचा कायदा २००५ चा असून त्यात रक्षकाची चौकशी आणि प्रशिक्षण ही दोन्ही बंधने आहेत. प्रत्यक्षात मात्र तीन ठेकेदारांची दरपत्रके मागवावयाची आणि सर्वांत स्वस्त असेल ती स्वीकारावयाची, हीच रीत सर्रास दिसते. बारा-बारा तास उभा राहणारा, अर्धपोटी, झोपावयास धड जागा नसलेला, दर चार महिन्यांनी बदलणारा माणूस कोणाचे तोंड ओळखणार आणि कशावर लक्ष ठेवणार? २०१२ च्या ऑगस्टमध्ये चेंबूरलगतच्या वडाळ्यात एका तरुण महिला वकिलाचा खून त्या इमारतीच्याच रखवालदाराने केला, तेव्हा शहर हादरले होते. त्यानंतर रखवालदारांकडे संशयाने पाहणे वाढले. त्यांना नेमताना करावयाची चौकशी आणि त्यांना द्यावयाचा पगार यांकडे मात्र कितीशा सोसायट्यांनी लक्ष दिले?

पोलिसांची गोष्टही फारशी निराळी नाही. वस्तीतील माणसे नावानिशी ओळखणारा, कोणत्या घरात म्हातारे जोडपे एकटे राहते आणि कोणत्या नाक्यावर नवी टोळकी बसू लागली आहेत हे ठाऊक असलेला बीटवरचा हवालदार हे गुन्ह्याच्या प्रतिबंधाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. बंदोबस्त, मोर्चे आणि बड्यांची सुरक्षा यांतून तो उरतोच किती? या बाबतीत एक महत्त्वाचा प्रयोग चेंबूरच्या शेजारीच, देवनार पोलीस ठाण्यात, २०१६ च्या मे महिन्यात झाला. पोलिसांना आठ तासांची पाळी देता येईल, अशी योजना त्या ठाण्यातील शिपाई रवींद्र पाटील यांनी मांडली आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती तेथे अमलात आणून पुढे इतर ठाण्यांकडे नेली. एका शिपायाची सूचना आयुक्ताने ऐकावी, हे आपल्या प्रशासनात नवलच. चौदा-चौदा तास राबणाऱ्या माणसाकडून आपण सौजन्याची आणि दक्षतेची अपेक्षा करतो. ती पुरी व्हावयाची तर या प्रयोगाची पाठराखण नागरिकांनीच केली पाहिजे. कॅमेऱ्यांसाठी निवेदने देणाऱ्यांनी शिपायांच्या पाळीसाठी कधी निवेदन दिल्याचे निदान आमच्या ऐकिवात नाही.

कॅमेरे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. शहरात २०१६ पर्यंत सुमारे ४,७०० सरकारी कॅमेरे बसले आणि गुन्हेगार सापडण्यास त्यांचा लाभ झाला आहे. पण कॅमेरा गुन्ह्याची साक्ष देतो. गुन्हा होऊ घातला आहे हे त्याला कोणी येऊन सांगत नाही. ते हवालदाराला सांगतात, आणि तेही त्याच्यावर विश्वास असेल तर. हा विश्वास कसा कमवावा, याचा धडा भिवंडीने घालून दिला आहे. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली दंगलींत होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील साधी माणसे त्यांत घेतली आणि त्या भागातील पोलिसाला त्यांच्या नित्य संपर्कात आणले. नळावरची भांडणे आणि सांडपाण्याची गाऱ्हाणी तेथे निघत. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतरच मुंबईला जाग आली आणि सतीश साहनी, ज्यूलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

चेंबूरला अशा समित्यांची गरज अधिक आहे, कारण येथे दोन शहरे अंगाला अंग लावून उभी आहेत. एकीकडे पुनर्विकासाचे मनोरे. दुसरीकडे गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग, जो महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सर्व विभागांत तळाशी होता. मनोऱ्यांतील धुणीभांडी, स्वयंपाक आणि राखण तिकडच्याच माणसांच्या हातांनी चालते, आणि चोरी झाली की पहिला संशयही त्यांच्यावरच जातो. ही खोड जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला, पण त्यामागील मनोवृत्ती काही रद्द झाली नाही. शिवाय घरफोड्या आणि मारहाणीचा जाच सर्वांत अधिक सोसतात ती वस्त्यांतीलच माणसे. त्यांच्याकडे कडीकोयंडाही धड नसतो. लाल डोंगर वा सिद्धार्थ कॉलनीतील बाई समितीत बसणार नसेल, तर ती समिती म्हणजे सोसायटीची सभाच, फक्त चहा पोलीस ठाण्याचा.

आणखी एक अडचण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या नोव्हेंबरात दिला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने साखळी हिसकावण्याला स्वतंत्र गुन्हा मानले आहे. तरीही ‘साखळी’ची ‘गहाळ’ होण्याची कला काही ठाण्यांना अवगत असते. आकडे कमी दिसावेत म्हणून नोंदच टाळली, तर गुन्हा कोठे आणि केव्हा होतो हे खुद्द पोलिसांनाही कळावयाचे नाही. गस्त मग अंदाजाने घालावी लागेल. फिर्याद नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाल्याचे उदाहरण वरिष्ठांनी एकदा जाहीरपणे घालून दिले, तर दहा परिपत्रकांचे काम होईल.

महापालिकेचा वाटाही लहान नाही. पुनर्विकासासाठी रिकाम्या केलेल्या इमारती महिनोन्‌महिने पडून असतात, त्यांचे पत्रे वाकलेले असतात आणि आसपासचे दिवे बंद. अशा जागी काय चालते, हे परिसरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विकासकाला परवाना देतानाच कुंपण, दिवे आणि रात्रीची राखण यांची अट घालून ती मोडल्यास दंड का आकारू नये?

या सर्वांची सुरुवात करावयास कोणा मंत्र्याच्या हस्ते उद्‌घाटनाची आवश्यकता नाही. टिळकनगर, चेंबूर आणि गोवंडी या तिन्ही ठाण्यांनी आपल्या प्रत्येक बीटच्या हवालदाराचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक चौकाचौकांत लावावा, आणि मागील महिन्यात कोणत्या रस्त्यावर किती चोऱ्यांची नोंद झाली, याचा कागद दर एक तारखेला ठाण्याच्या दाराशी डकवावा. सोसायट्यांनी आपल्या पुढच्या सभेला त्या हवालदारास बोलवावे, आणि रखवालदारासही सभेत खुर्ची द्यावी. रात्री दोन वाजता रस्त्यावर काय दिसते, हे त्या सभेत सांगू शकेल असा तोच एक असतो.